पाणचक्कीला खुंटा कुठाय?

वेरूळ झालं, दौलताबाद झाला, गुडघ्यांनी जीव सोडला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही कारण गर्दीत लोकांच्या पाठीच जास्त दिसल्या. लिहायचंय ते संभाजीनगरच्या पाणचक्कीबद्दल, तेही आमच्या आत्यामुळं.

आत शिरलं की मोठा हौद, कडेला उंच भिंतीवरून पाणी कोसळतंय आणि समोर रीलवाल्यांची ही झुंबड. एका पोरीचा व्हिडिओ मनासारखा होईना म्हणून आम्हाला पलीकडं जाऊच देईनात! बरं, जिच्या नावानं तिकीट फाडलं ती चक्की बाजूच्या खोलीत, तिथं दोन मिनिटं उभं राहायला कुणी तयार नाही.

आत्या मात्र तिथून हलेना. जालन्याकडच्या खेड्यात पहाटे उठून, जात्याचा खुंटा धरून ज्वारी दळलेली बाई ती. वाकून बघितलं अन् म्हणाली, "ह्येला खुंटा कुठाय रं?"

म्हटलं, खुंटा नाहीच आत्या, खाली लोखंडी पंखा आहे, पाण्याच्या जोरानं तो फिरतो अन् वर दगड फिरतो. तिनं मूठ हवेत गोल फिरवून बघितली, दळताना फिरवतात तशी. "मग वैरण कोण घालायचं? अन् टाकी कोण लावायचं?" वैरण म्हणजे जात्यात मूठमूठ घालायचं धान्य, अन् टाकी लावणं म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं पुन्हा खाचा पाडणं. एवढं पाणचक्कीवर वाचलंय, हे प्रश्न कुणी विचारलेले आठवत नाहीत.

पाण्याचं सांगतो, कारण खरी करामत तिथंय. जटवाड्याकडच्या डोंगरातून ही नहर, म्हणजे पाण्याची वाट, येते, जमिनीखाली मातीचे नळ, मोटार नाही पंप नाही, नुसता उतार. वाटेत बंबे, म्हणजे उभे बांधीव खांब, बांधलेत, नळात हवा कोंडू नये म्हणून. बंद नळातलं पाणी जेवढ्या उंचीवरून आलं जवळपास तेवढं वर चढायला बघतं, म्हणून ते भिंतीतून वर जातं अन् तिथून धो धो पडतं.

अन् कृपा करून हे सगळं मलिक अंबरच्या नावावर खपवू नका, व्हॉट्सअॅपवर सर्रास फिरतं तसलं. त्यानं 1610 ला खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली, शहराला नहरीनं पाणी आणलं, माणूस थोरच, पण तो 1626 लाच गेला. ही चक्की नंतरची, 1744 च्या सुमाराची, निजामाच्या पदरी असलेल्या तुर्कताज खानाची. हौद पुढं जमील बेग खानानं बांधला, त्या हौदाच्या तळाखाली चक्क दालन आहे, डोक्यावर एवढं पाणी अन् आत गारवा. मला तर तिथंच आडवं व्हावंसं वाटलं.

जायचं तर पावसाळा सरताना जा, उन्हाळ्यात धार बारीक होते. अन् रविवार टाळा बाबांनो.

निघताना आत्यानं विचारलं, एवढं पीठ खायचं कोण? म्हटलं, शेजारी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे ना, तिथले फकीर, विद्यार्थी, वाटसरू.

"अन् दळणाचे पैशे?"

"त्यांच्याकडून कुठले पैसे घेणार?"

झालं! आमच्या गावचा गिरणीवाला पैशेबी घेतो अन् पीठबी जाळतो, हातात धरवत नाही इतकं गरम, भाकरीला चिकटपणा म्हणून ऱ्हात नाही, हे जालना येईपर्यंत चाललं.