बॅटरी बदलूनही गाडी बसते तेव्हा: अल्टरनेटर तपासण्याचा माझा अनुभव

गाडी सकाळी सेल्फ घेत नाही म्हटलं की संशय बॅटरीवर जातो. नवी बॅटरी बसते, काही दिवस सगळं झकास चालतं आणि मग तीही बसते. अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी भरणारा भाग) कमी पडत असला तरी नवी बॅटरी स्वतःचा साठा संपेपर्यंत ते जाणवू देत नाही. म्हणून मी बॅटरीपासून सुरुवात करतो, पण निकाल तिथे देत नाही.

आधी लक्षणं बघतो. हेडलाइट आयडलवर मंद असतात आणि रेस दिली की उजळतात, ही सगळ्यात ओळखीची खूण. काचा रेंगाळत वर जातात, ब्लोअर ढिला पडतो. इंजिनच्या वेगाबरोबर रेडिओत चढत जाणारी शिटी ऐकू आली तर मी डायोडकडे, म्हणजे अल्टरनेटरमधला करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाकडे बघतो. एबीएस, स्टीअरिंग, एअरबॅग असे एकमेकांशी संबंध नसलेले दिवे एकदम लागले, तर तिन्ही यंत्रणा एकाच वेळी बिघडण्यापेक्षा व्होल्टेज खाली आल्याची शक्यता जास्त.

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा चावी फिरवल्यावर लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर बरेच जण निश्चिंत होतात, आणि तिथेच फसतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याच दिव्याच्या तारेतून रोटरला, म्हणजे अल्टरनेटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागाला, सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब गेला किंवा तार तुटली तर चांगला अल्टरनेटरही चार्जिंग सुरू करत नाही. दिवा मिणमिणत राहिला तर डायोड किंवा कुठलीतरी खराब जोडणी.

मीटर लावण्याआधी बॉनेट उघडून इंजिन बंद असताना बेल्ट बघतो. कडेला धागे निघालेत का, पृष्ठभाग चकचकीत झालाय का, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर सैल आहे का. थंड इंजिनला किंवा एसी लावताच किंचाळणारा बेल्ट घसरत असतो आणि घसरणारा बेल्ट अल्टरनेटरला पुरेसं फिरवत नाही. घरघर किंवा खरखर असेल तर बेअरिंग. जळक्या रबराचा वास बेल्टचा, जळक्या वार्निशचा वास वाइंडिंगचा, म्हणजे अल्टरनेटरच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यांचा.

मग मल्टिमीटर. गाडी काही तास बंद ठेवल्यानंतर भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन सुरू करून बॅटरीच्याच टर्मिनलवर १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. आता हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावून साधारण १५०० ते २००० आरपीएम ठेवतो. रीडिंग १३ च्या खाली घसरलं तर चार्जिंग कमी पडतंय. लोड न लावता केलेली तपासणी मी तपासणी मानत नाही, कारण एखादा डायोड गेलेला अल्टरनेटरही रिकामा असताना १४ दाखवू शकतो. रीडिंग १५ च्या वर गेलं तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय. तो बॅटरी उकळवतो आणि बल्ब उडवतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत मात्र ईसीयू (गाडीचा संगणक) मुद्दाम व्होल्टेज कमी-जास्त करतो. तिथे १२.८ दिसलं म्हणून लगेच घाबरायचं नाही. दिवे लावून पुन्हा बघायचं.

मीटर एसी व्होल्टवर (दिशा बदलणाऱ्या करंटच्या सेटिंगवर) ठेवून चालू इंजिनवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोडवरचा संशय पक्का होत जातो. गळका डायोड गाडी बंद असतानाही बॅटरीतून करंट ओढतो. गाडी पूर्ण झोपल्यावर ५० मिलिअँपिअरपेक्षा बरंच जास्त जात असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह काढून अल्टरनेटरची जाड तार सोडवतो, तिचं टोक नीट गुंडाळतो, निगेटिव्ह पुन्हा मीटरमधून जोडून मोजतो. आकडा एकदम पडला की चोर सापडला.

पार्ट मागवण्याआधी एक मोजमाप मी कधीच टाळत नाही. लोड चालू ठेवून अल्टरनेटरचा जाड टर्मिनल आणि बॅटरीची पॉझिटिव्ह यांच्यात मीटर लावायचा: ०.२ व्होल्टच्या आसपास ठीक, त्याहून बरंच जास्त म्हणजे तार, फ्यूज किंवा गंजलेलं टर्मिनल दोषी. अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यातही तसंच. अर्थिंगची (बॅटरीची निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी) एक घाणेरडी पट्टी साफ करून काम भागतं तिथे अख्खा अल्टरनेटर बदललेला मला सहन होत नाही. झिजलेले कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटरही अनेक मॉडेलमध्ये वेगळा मिळतो.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून बघण्याची जुनी पद्धत अजून दिसते. ती करू नका. व्होल्टेज क्षणात उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो.

रस्त्यातच बॅटरीचा दिवा लागला तर आधी तापमानाचा काटा बघा. काही इंजिनांत अल्टरनेटरचाच बेल्ट पाण्याचा पंप फिरवतो. काटा चढत असेल तर थांबणं भाग आहे. तसं नसेल तर एसी, ब्लोअर, रेडिओ बंद करा, इंजिन मात्र बंद करू नका, कारण पुढच्या सेल्फपुरता करंट उरेलच असं नाही.

अल्टरनेटर बदलायचाच ठरला तर मरगळलेली बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. रिकामी बॅटरी नव्या अल्टरनेटरकडून बराच वेळ जास्तीत जास्त करंट ओढते आणि तो तापतो. बसवून झाल्यावर लोडची तपासणी तिथेच पुन्हा करा. बेल्ट हाताने ताणायचा प्रकार असेल तर थोडं चालवून ताण एकदा बघा. नवा बेल्ट सुरुवातीला सैल पडतोच.