चादर घेऊन पळालो होतो

2017 च्या पावसाळ्यात मी लातूरच्या गाडीनं मुंबईत व्हीटीला उतरलो. सहावीत होतो. आई आदल्या वर्षी गेली होती आणि घरात रोजची मारहाण होती, एवढंच सांगतो. चार महिने फलाटावर काढले. लांबच्या गाड्या रिकाम्या झाल्या की आम्ही पोरं डब्यांत शिरून पाण्याच्या बाटल्या गोळा करायचो आणि भंगारवाल्याला किलोवर विकायचो. रात्री चपला उशाला घेऊन झोपायचं, नाहीतर सकाळी अनवाणी. भूक मरावी म्हणून काही पोरं रुमालावर व्हाइटनर टाकून हुंगायची. मीही हुंगायचो.

1098 या मुलांच्या हेल्पलाइनवाल्या एका ताईंबरोबर शेवटी मी गेलो. असं मूल सापडलं की 24 तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. डोंगरीला समितीनं विचारलं तेव्हा मी नाव राजू सांगितलं, गाव आठवत नाही म्हणालो, आईबाप दोघंही नाहीत म्हणालो. खरं सांगितलं तर हे मला परत घरी पोचवतील, एवढंच डोक्यात होतं. कागद एकही नव्हता, म्हणून हाडांचे एक्स-रे काढून वय ठरवलं, तेरा-चौदा. समितीच्या आदेशानं मला सलेशियन नावाच्या ख्रिस्ती संघाच्या फादरांच्या बालगृहात पाठवलं.

तिथे साडेपाचला घंटा व्हायची. मग कवायत, आंघोळ, पाळीप्रमाणे झाडू, भांडी नाहीतर संडास. आम्ही साठेक पोरं होतो. संध्याकाळी मैदानावर फुटबॉल, फादर स्वतः खेळायला उतरायचे. हे सगळं मला जमत होतं. जमत नव्हती ती झोप. लोखंडी खाट, वर गादी, धुतलेली चादर, आणि माझा डोळा लागेना. गाड्यांचा आवाज नाही, अनाउन्समेंट नाही. मी खाली फरशीवर झोपायचो, चपला उशाला. ब्रदर रात्री फेरी मारताना बघायचे, पण खाटेवर झोप असं कधी म्हणाले नाहीत.

नवव्या दिवशी मी चादर गुंडाळून पळालो. चाळीस रुपयांना विकली. पाच दिवसांनी अंगात ताप घेऊन परत दारात आलो. वॉचमननं आत घेतलं. माझ्या खाटेवर दुसरी चादर घातलेली होती. त्या पाच दिवसांत नवी दोन पोरं आली होती, त्यांना कोपऱ्यात गाद्या टाकून दिल्या होत्या, पण माझी खाट कुणाला दिली नव्हती. चादरीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

झोपण्याआधी आमच्याकडे 'गुड नाइट' असायचं, म्हणजे फादर चार-पाच मिनिटं बोलायचे. त्या रात्री त्यांनी डॉन बॉस्कोंची, म्हणजे हा सलेशियन संघ काढणाऱ्या फादरांची, गोष्ट सांगितली. इटलीतल्या तुरिन शहरात त्यांनी रस्त्यावरच्या काही पोरांना गवताच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, पांघरुणं दिली. सकाळी पोरंही नाहीत आणि पांघरुणंही नाहीत. तरी 1847 च्या मे महिन्यात पावसात भिजलेलं आणखी एक पोरगं दारात आलं, तेव्हा त्यांच्या आईनं, मार्गेरितानं, स्वयंपाकघरात त्याचं अंथरूण घातलं आणि निजण्याआधी त्याला मायेचे चार शब्द सांगितले. ही 'गुड नाइट'ची रीत तेव्हापासूनची. फादर माझ्याकडे एकदाही बघत नव्हते. मी मात्र मान खाली घालून बसलो होतो. त्या रात्री पहिल्यांदा खाटेवर झोपलो.

लोक मला हटकून विचारतात, तुला ख्रिस्ती केलं का? नाही केलं. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जायची सक्ती नव्हती. मी जायचो ते गाण्यांसाठी. गणपतीत आम्ही गल्लीतल्या मंडळात आरतीला जायचो, आणि नाताळात येशूच्या जन्माच्या देखाव्याचा गोठा करायचो. गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून आधीच वाट्यांमध्ये नाचणी पेरायची. ते काम माझ्याकडे असायचं, कारण शेतकऱ्याचं पोर म्हणून माती किती ओली ठेवायची ते मला बरोबर कळायचं.

तीन वर्षांनी अशीच नाचणी पेरताना मी ब्रदरना माझं खरं नाव सांगितलं. गावही सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. आता तुझा दाखला आणता येईल." बाकी काही विचारलं नाही.

दाखला लागत होता, कारण बालगृहानं घातलेली शाळा मी दोनदा सोडली होती. दहावी करायची तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणं हाच रस्ता उरला होता, आणि त्याला पाचवी पास झाल्याचा, शाळा सोडल्याचा मूळ दाखला हवा. समाजसेविका ताई आमच्या गावच्या शाळेत गेल्या. "पालकांना घेऊन या," असं सांगून त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला त्या समितीचं पत्र घेऊन गेल्या, तेव्हा रजिस्टर निघालं. जन्मतारीख 1 जून 2005. पहिलीत घालताना गुरुजी अंदाजानं 1 जूनच लिहायचे, आमच्या निम्म्या वर्गाची तारीख तीच. शाळेचा दाखला मिळाला की वयासाठी तोच धरतात, एक्स-रे नाही. म्हणून त्या कागदानं माझं वय वर्षा-दोन वर्षांनी कमी झालं आणि बालगृहात राहायला तेवढा वेळ जास्त मिळाला. अठरा पूर्ण झाले की बालगृह सोडावं लागतं. पुढे एकविसापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सुटल्यावर पायावर उभं राहीपर्यंत आधाराची, सोय असते, मी सध्या तिच्यातच आहे आणि वायरमनचं काम करतो.

फॉर्म ऑनलाइन भरला, कागद संपर्क केंद्राच्या शाळेत नेऊन दिले. त्यात आईच्या नावाचा रकाना होता. फादरनी विचारलं तेव्हा मला पटकन बोलता आलं नाही. सहा वर्षांत मी ते नाव उच्चारलंच नव्हतं. मी म्हणालो, "मीच लिहितो," आणि कीबोर्ड माझ्याकडे ओढून घेतला.

मार्च 2023 ला परीक्षा दिली. अठ्ठावन्न टक्के पडले. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव वेगळं छापलेलं असतं. ती हातात आली त्या रात्रीच्या 'गुड नाइट'ला फादरनी मला पुढे बोलावलं आणि गुणपत्रिका मोठ्यानं वाचायला सांगितली. विषय नंतर वाचले. आधी माझं नाव वाचलं, मग तिचं.