वायलीज वेलच्या गारगोट्या

“दगड गोळा करायला सव्वादोनशे मैल?” हा प्रश्न बायकोने लॉस एंजेलिसहून निघताना एकदा विचारला आणि इंडिओ मागे पडल्यावर परत एकदा. दुसऱ्यांदा माझ्याकडेही उत्तर नव्हतं. खिडकीबाहेर करड्या जमिनीवर करडी झुडपं आणि त्यामागे करडे डोंगर, एवढंच तासभर चाललं होतं.

जानेवारीतला तीन दिवसांचा वीकएंड होता. आय-टेन हायवेवर ब्लाइथच्या अलीकडे पंधराएक मैलांवर वायलीज वेल रोडचा एक्झिट येतो. तिथून दक्षिणेला नऊ मैल. डांबर लवकरच संपतं आणि गाडीतलं प्रत्येक भांडं बोलायला लागतं. कॅम्पग्राउंड म्हणजे पालो व्हर्डे आणि आयर्नवुडची थोडी झाडं, बाकडी, शेकोटीची कडी आणि पाण्याविना चालणारे संडास. नाव विहिरीचं, पण पाणी आपलं आपण आणायचं. आम्ही वीस गॅलन नेलं होतं. त्यातलं निम्मं हातावरची माती धुण्यात जाणार याचा अंदाज नव्हता.

शेजारून जाणारा कच्चा रस्ता म्हणजे ब्रॅडशॉ ट्रेल. १८६२ साली विल्यम ब्रॅडशॉने तो ॲरिझोनातल्या ला पाझच्या सोन्याकडे जाणाऱ्यांसाठी आखला. आता तिथे सोन्यामागे कोणी धावत नाही. हिवाळ्यात उत्तरेतल्या थंडीला कंटाळलेले निवृत्त लोक आपापली घरं चाकांवर घेऊन येतात आणि १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामात महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतात. आमच्या तंबूच्या एका बाजूला बससारखी आरव्ही, दुसऱ्या बाजूला तशीच. चाळीच्या मधोमध झोपडी टाकल्यासारखं वाटलं.

पाच वाजता सूर्य गेला आणि थंडी आली. स्टोव्हवर पिठलं शिजवलं, घरून आणलेल्या भाकऱ्या शेकोटीवर गरम केल्या. तेवढ्यात लांबून धप्प, धप्प असे आवाज यायला लागले. ढग नाही, वीज नाही. शेजारचे आजोबा हसले. चॉकलेट माउंटनमध्ये सैन्याचं बॉम्बफेकीच्या सरावाचं क्षेत्र आहे म्हणे, काळजी नको. मी वाघोलीत खडी क्रशरच्या धुळीत वाढलेला माणूस. दुपारी सुरुंग उडाले की घरातली भांडी वाजायची. त्या आवाजाने मला उलट छान झोप लागली. बायकोला लागली नाही, कारण आजोबांनी जाता जाता आपला अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आमच्या तंबूच्या कडेला मारून दाखवला होता. एक विंचू हिरवागार चमकत होता.

सकाळी त्याच आजोबांच्या जीपमागे आम्ही हाउझर जिओड बेड्सकडे निघालो. जिओड म्हणजे आतून पोकळ गोटा. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या खडकात पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि थरावर थर बसून आत गारगोटीचे स्फटिक वाढले. भोवतीचा खडक कुजून राखेसारखा भुसभुशीत झाला, गोटे तेवढे शाबूत उरले.

तिथे पोचायच्या आधी मी गाडी कोरड्या ओढ्याच्या वाळूत रुतवली. ॲक्सिलरेटर दाबला तशी ती अजून खाली बसली. आजोबा शांतपणे उतरले, चारही टायरांची हवा कमी केली, चाकांपुढची वाळू फावड्याने ओढली आणि म्हणाले, आता हळू. गाडी निघाली. बायको काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

मला वाटलं होतं गोटे नुसते पडलेले असतील. वरचे केव्हाच वेचून झालेत. जुन्या खड्ड्यांच्या भिंतीत फिकट, पिठूळ थर शोधायचा आणि टिकावाने हळूहळू पोखरत जायचं. पहिला तासभर मी जे जे उत्साहाने काढलं ते आजोबांनी एका नजरेत बाद केलं. मग बायकोने टिकाव घेतला आणि दहा मिनिटांत टिकावाचा आवाज बदलला. आधी भस्स भस्स येत होता, आता टक्क. तिने बोटांनी माती उकरली. आत लिंबाएवढा तपकिरी, खरबरीत, चामखिळी आल्यासारखा गोटा. इतका कुरूप की रस्त्यात दिसला असता तर पायानेही उडवला नसता. तिने तो तळहातावर तोलला आणि म्हणाली, “हलका आहे रे.” आजोबांनी अंगठा वर केला. आकाराच्या मानाने हलका म्हणजे आत पोकळी असायची शक्यता.

त्यानंतर ती दुपारी दोनपर्यंत हलली नाही. सव्वादोनशे मैलांचा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

इथली जमीन सरकारी आहे. हौशी माणसाला दिवसाला २५ पौंड आणि वर एक दगड नेता येतो, वर्षाला २५० पौंडांपर्यंत, पण विकायचा नाही. आमचे साधारण दहा किलो भरले. एक गोटा मी तिथेच हातोडीने फोडला आणि त्याचा चुरा केला. आजोबांनी कपाळाला हात लावला. त्यांच्याकडे नळ कापायचं साखळीचं हत्यार होतं. साखळी गोट्याच्या पोटाभोवती गुंडाळायची, दांडा दाबायचा, आणि कट्. लिंबू चिरल्यासारखे दोन भाग. कडेला कॅल्सेडनीची, म्हणजे गारगोटीच्याच अगदी बारीक दाण्याच्या प्रकाराची, निळसर राखाडी पट्टी आणि मधे साखरेच्या दाण्यांसारखे स्फटिक. कोट्यवधी वर्षं अंधारात असलेल्या त्या पोकळीत पहिल्यांदाच ऊन पडत होतं आणि ते बघायला आम्ही तिघं धुळीने माखून उभे होतो.

रविवारी कोलोरॅडो नदी ओलांडून ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला गेलो. घड्याळ एक तास पुढे गेलं. जानेवारीत हे छोटं गाव दगडांच्या जत्रेने फुगलेलं असतं. मैदानभर टेबलं. एका टेबलावर पांढरेशुभ्र स्फटिक, खाली चिठ्ठी: अपोफिलाइट, जळगाव. शेजारी स्टिल्बाइट, नाशिक. आणि कोपऱ्यातल्या छोट्या डबीत, पांढऱ्या दगडावर मोरपिशी निळे गोंडे: कॅव्हनसाइट, वाघोली, पूना.

मी तिथेच थांबलो. हे गोंडे मी पाहिले होते. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. पाचवी-सहावीत असताना एकदा फोडलेल्या काळ्या दगडाच्या भेगेत असलेच निळे ठिपके दिसले म्हणून मी हात घातला, तर बाबा ओरडले, “मोरचूद असेल, विषारी असतं, टाक ते!” मी टाकलं. ते क्रशरमध्ये गेलं असणार आणि तिथून पुण्यातल्या कुठल्यातरी स्लॅबमध्ये. दख्खनच्या साडेसहा कोटी वर्षांच्या बसाल्टमध्येही, म्हणजे आपल्या काळ्या दगडातही, असेच बुडबुडे आणि असंच झिरपणारं पाणी. विक्रेत्याने मला विचारलं, वाघोलीचा उच्चार कसा करतात? मी तीनदा म्हणून दाखवला. त्याला ‘घ’ काही जमला नाही. डबीची किंमत साठ डॉलर. आपल्याच गावचा दगड विकत घ्यावा की नाही यावर मी बराच वेळ घुटमळलो, मग बायकोनेच पैसे दिले.

रात्री घरी पोचल्यावर बाबांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे सोमवारची दुपार व्हायची होती. आधी निळी डबी दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. “मोरचूद तर नाही ना?” म्हटलं, नाही. मग चिरलेला जिओड कॅमेऱ्यापुढे धरला.

“आतून पोकळ आहे होय?” बाबा म्हणाले. “खडीला चालणार नाही.”