निशाणी बांगडी

पंधरा वर्षं मी मोडी वाचते आहे. तरी मागच्या श्रावणात साताऱ्याकडच्या एका घरात वाचलेला कागद अजून डोक्यातून जात नाही.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधायला सरकारने समिती नेमली आणि आमच्यासारख्यांच्या दारात रांगा लागल्या. कागदात ‘कुणबी’ शब्द सापडला की काम झालं, असं लोकांना वाटतं. शब्द सापडतो हो. पण १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या त्या कागदातला माणूस आपलाच पूर्वज, हे वंशावळीने जोडून दाखवावं लागतं आणि घोडं तिथेच अडतं. गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडचं कोतवाल बुक, त्यात जन्माच्या नोंदीला बापाचं नाव आणि जात मिळते. बाळाच्या जागी बहुतेक वेळा नुसतं ‘मुलगा’. आडनाव बहुधा नाहीच. त्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे गणू बिन सुभाना आणि सुभाना बिन गणू पिढ्यान् पिढ्या फेर धरून असतात. मोडी लिहिणाऱ्याने आधी पानभर रेघा ओढायच्या आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं त्यांना टांगत न्यायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत फट नाही. आठ-दहा दिवसांचा वर्ग करून लिप्यंतरावर शिक्के मारणारे मी पाहिले आहेत. ‘बिन’ म्हणजे मुलगा, ‘कोम’ म्हणजे बायको. एकाच्या जागी दुसरं वाचलं की अख्खं घर चुकतं. याचा मला मनापासून राग येतो.

त्या कुटुंबाला कदम म्हणू. काका साठीतले, सोबत त्यांचा पुतण्या. पुतण्याच्या मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश जात वैधता प्रमाणपत्रावाचून अडलेला. १८८९ च्या कोतवाल बुकात त्यांना ‘गणू बिन सुभाना, कुणबी, मुलगा’ अशी नोंद मिळाली होती. तो मुलगा म्हणजे आपले पणजोबा राघू, असं धरून त्यांनी वंशावळीचं प्रतिज्ञापत्रही टाइप करून ठेवलं होतं. आणखी बळकटी म्हणून माळ्यावरची पत्र्याची पेटी माझ्यापुढे उघडली.

वरचे कागद सारापावत्यांचे. तळाशी चार घड्यांचं वाटणीपत्र, शके १८१७. घड्यांवर कसर लागलेली, बाकी शाई काळी कुळकुळीत. मी नेहमीसारखी मोठ्याने वाचत गेले. गणू कदमाने राघूला लिहून दिलं होतं: ‘तुझा बाप तुळाजी मोरे मोठे दुकाळात मयत जाहला. तुझी आई भागू इणे आम्हांशी पाट लाविला. तूं लहान तिजबरोबर आलास. आम्ही तुज पोटचे लेकाप्रमाणें वागविलें. सबब जमिनीची एक तक्षीम तुज दिल्ही.’

‘मोरे’ हा शब्द तोंडातून गेला आणि खोलीत शांतता पसरली.

आधी मनात वाचायला हवं होतं. तेव्हापासून कुठल्याही घरी गेले तरी कागद आधी मनात वाचते, पण त्या दिवशी ते सुचलं नाही. शके १८१७ म्हणजे १८९५. तेव्हा राघू जमिनीची वाटणी घेणारा बाप्या होता. १८८९ चं बाळ जेमतेम सहा वर्षांचं असणार. म्हणजे कोतवाल बुकातला मुलगा राघू नव्हेच.

पुतण्या म्हणाला, “ताई, हा कागद आपण बघितलाच नाही असं समजा.” काका म्हणाले, “आपण शहाण्णव कुळी, आपल्यात पाट कुठनं आला?” पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. मला काकांचं जास्त लागलं. दुष्काळात नवरा गेलेली बाई पोराला बोटाशी धरून दुसऱ्या घरी येते, तो माणूस त्या पोराला पोटच्यासारखं वाढवतो, सावत्र लेकाला वारसाहक्क नाही म्हणून कागद करून जमीन देतो. यात लाज कसली? असं घराणं अभिमानाने सांगावं.

तेवढ्यात काकांची आई, पंच्याऐंशीच्या पुढच्या, चुलीकडून बोलल्या, “म्हणून व्हय ते मोराचं पीस!”

कदमांचं देवक कळंब, मोऱ्यांचं मोराचं पीस. या घरात लग्नाला मुहूर्तमेढीला कळंबाच्या डहाळीबरोबर एक पीस बांधतात. आजींनी नवी सून असताना विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, आपल्यात असंच असतं. एक देवक असलेल्या घरांत सोयरीक होत नाही, म्हणून लेकीसुनांनी राघूचं मूळ कुळ असं जपलं असावं. कारण विसरलं, पीस राहिलं.

मग आजींनी विचारलं, “भागूचं नाव कुठं हाय?” मी कागदाचा तळ दाखवला. गणूच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’, खाली छोटासा नांगर काढलेला. शेजारी ‘भागू कोम गणू, निशाणी बांगडी’ आणि एक गोल. गोल पुरता मिटलेला नाही, शेवटी हात हलला असावा. आजींनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. टाइप केलेल्या वंशावळीत भागूला जागाच नव्हती, तिच्यात सगळे बापच होते.

पुतण्याला मी कोतवाल बुकाचं लिप्यंतर आहे तसं दिलं, पण तो मुलगा राघू असं लिहून द्यायला नकार दिला. तो चिडून गेला. पोरीचं वर्ष जाईल ही त्याची धास्ती खोटी नव्हती, त्यामुळे रात्री मलाही झोप लागली नाही. जात बापाकडून लागते, तेव्हा आता तुळाजीचा कागद हवा. वाटणीपत्रात मोऱ्यांचं गाव दिलेलं आहे. त्या गावची १८७६ ते ७८ ची दप्तरं मी दोनदा जाऊन पाहिली. दुष्काळातल्या मृत्यूंची पानंच्या पानं, आणि नेमका एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, ओलीने असा चिकटलेला, की पान सोडवायला गेलं तर अक्षर वरच्या पानाबरोबर निघून येतं. अभिलेख कक्षाच्या छताला कौलं घालायला कुणाला सवड नाही. ज्या कागदांवर आज पोरांचे प्रवेश अडलेत, ते असे भिजत पडलेत.

उरलेल्या दोन रुमालांसाठी काकांनी स्वतःच्या सहीने अर्ज टाकला आहे. सोमवारी आम्ही दोघं जाणार आहोत.