बाबांच्या बायपासची १२ वर्षे

आज बाबांना वार्षिक तपासणीसाठी नेले होते. बायपास होऊन त्यांना १२ वर्षे झाली आणि टूडी एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची पंपिंग क्षमता ५५ टक्के, म्हणजे नॉर्मल, आल्यामुळे घरी परतताना रिक्षात त्यांचा स्वर जरा चढाच होता.

डॉक्टरांनी मात्र त्यांना मोकळे सोडले नाही. बाबांना तीन ग्राफ्ट, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून जोडलेल्या रक्तवाहिन्या, आहेत: एक छातीच्या आतल्या धमनीचा, दोन पायातून काढलेल्या शिरांचे. शिरेला धमनीतल्या दाबाची सवय नसते. तिची भिंत हळूहळू जाड होते आणि १० वर्षांत असे जवळपास निम्मे ग्राफ्ट बंद पडतात, तर छातीतल्या धमनीचे साधारण ९० टक्के तोवर उघडे राहतात. मूळ रोग तसाच असतो, रक्ताला फक्त वळसा मिळतो. (घोडबंदर रोडवर उड्डाणपूल झाले म्हणून खालचे खड्डे बुजले नाहीत, हे ठाणेकरांना वेगळे सांगायला नको.)

हे सारे ऐकवण्याचे कारण घडले होते. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट चांगला आला म्हणून बाबांनी तीन महिने स्टॅटिनची गोळी परस्पर बंद केली होती आणि तो रिपोर्ट गोळीमुळेच चांगला आला होता, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नाही. रक्ताची गुठळी होऊ न देणारी अ‍ॅस्पिरिन तेवढी चालू होती, हे नशीब.

संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारून आल्यावर त्यांनी मोजा काढला. शीर काढलेल्या त्याच पायावर, घोट्यापाशी, इलॅस्टिकचा खोल वळ उमटला होता. तो चोळत त्यांनी गोळ्यांचा डबा स्वतःहून मागितला.