काटापावती

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असं मुख्याध्यापकांचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर आले ते आपले गणिताचे सर. बाकीच्या गुरुजनांचाही मी ऋणी आहेच, पण त्यांच्यावर इतर मंडळी लिहितीलच.

सर वसंतदादांचे कट्टर भक्त. २४ जुलैला गणिताचा तास कधी व्हायचाच नाही. १९४३ साली त्या दिवशी दादांनी साथीदारांसह सांगलीचा तुरुंग कसा फोडला, खांद्याला गोळी कशी लागली, हे सर हातातला खडू तसाच धरून सांगायचे. पद्माळ्याचा शेतकऱ्याचा पोरगा, आईबाप लहानपणीच गेलेले, शिक्षण अर्धवट. त्यानं सांगलीत सहकारी साखर कारखाना उभा केला आणि पुढं राज्य चालवलं. आम्हाला अर्थातच कारखान्यापेक्षा गोळी आवडायची.

१९८३ ला दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले. मी नववीत होतो. गळिताचा हंगाम सुरू असताना मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, दादा कुठं बीजगणित शिकले? मग आम्हीच का शिकायचं?" वर्ग खिदळला. सर चिडले नाहीत. "उद्या बापाची काटापावती घेऊन ये," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती चुरगळलेली पावती फळ्यावर उतरली. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ ऊस. मग टनाचा दर, सोसायटीच्या कर्जाची कपात आणि शेवटी हातात किती. बापाच्या हातात येणारा आकडा बघून तो पोरगा गप्प झाला. सर म्हणाले, "दादांनी कारखाना काढला. काटा बरोबर आहे का, हे बघायला तुमच्यातलं कोणी नको?" एवढा भक्त माणूस, पण काट्याच्या बाबतीत भक्ती नाही!

दादांच्या त्याच कारकिर्दीत विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. तोवर ऐपतदारांची पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जायची, बाकीच्यांनी नाद सोडायचा. वडिलांनी म्हैस विकली, सरांनी माझा अर्ज स्वतः भरला. आज मी पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता आहे. आता त्या कॉलेजांची फी ऐकली की वाटतं, अख्खा गोठा विकूनही भागायचं नाही. दादांनी दार उघडलं, टोलनाका नंतरच्यांनी बसवला.

सरांच्या नावानं नववीच्या गणितासाठी बक्षीस ठेवतो आहे. रक्कम संस्थेकडं जमा करेन. परीक्षेत एक गणित खऱ्या काटापावतीवरचं हवं, एवढीच अट.