तुम्ही विचारलंत म्हणून: सब कुठला घेऊ?

"अण्णा, बुकशेल्फ स्पीकर घेतलेत, आता सब कुठला घेऊ तेवढं सांगा की." सब म्हणजे सबवूफर, फक्त खालचे सूर, म्हणजे बास, वाजवणारी वेगळी पेटी. निपाणीहून फोन आला तरी हेच, इथं बेळगावात टिळकवाडीत कुणी भेटलं तरी हेच. मी मॉडेलचं नाव सांगत नाही आणि उलट विचारतो, खोली किती बाय किती, आणि तुम्ही बसता कुठं? मग माणसं रुसतात. खोलीचं काय करायचंय, सब सांगा, म्हणतात. पूर्वी मी सांगत होतो. का सोडलं ते आज एकदाच सविस्तर लिहितो.

आपल्याकडची खोली बहुतेक वेळा दहा बाय दहा असते. त्यावर स्लॅब टाकताना उंचीही साधारण दहा फूट धरतात. राहायला सोयीचं, पण बाससाठी याहून वाईट माप नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या आवाजाची अर्धी लाट बरोबर बसते, तो आवाज त्या खोलीत घुमतो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर. त्याला दुप्पट लांबीनं भागा, ५६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनं, येतं. लांबीचं ५६, रुंदीचं ५६, उंचीचंही ५६. तिन्ही एकाच सुरावर येऊन बसतात. बास गिटारची जाडीकडून दुसरी मोकळी तार ५५ हर्ट्झची असते. म्हणजे अशा खोलीत ती एक तार वाजली की सगळं घर बोलतं, आणि तिच्या अलीकडची ४१ ची नि पलीकडची ७३ ची तार आपल्या जागी गप्प राहते. याला लोक "सब बूम मारतोय" म्हणतात आणि सब बदलतात. बारा बाय दहाची खोली असेल तर लांबीचं ४७ वर जातं, दोन ठिकाणी विभागलं जातं, तेवढंच बरं. खानापूरकडच्या जांभ्या दगडाच्या, वर कौलं आणि लाकडी माळा असलेल्या घरांत बास छतातून निसटतो. घुमणं कमी होतं, पण खोलीकडून मिळणारी फुकटची मदतही कमी होते, आणि माळ्याच्या फळ्या वाजतात ते वेगळंच.

आता वडगावची ती खोली. दहा बाय दहा, वर स्लॅब, डावीकडची भिंत शेजारच्या घराशी सामाईक. स्पीकर सव्वापाच इंची वूफरचे, चांगले. घरच्यांनी विचारलं आणि मी तोंडावर सांगून टाकलं, बारा इंची घ्या, पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या पेटीचा, कोपऱ्यात ठेवा, कमी पडणार नाही. खोली पाहिली नव्हती. सब आला, डावीकडच्या पुढच्या कोपऱ्यात बसला. ऐकायची खुर्ची त्यांनी कुठंतरी वाचून खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवली होती, म्हणजे स्पीकर आणि माणूस यांचा त्रिकोण नीट जमावा. त्रिकोण जमला. पण कोपरा ही खोलीचं घुमणं सर्वांत जास्त चेतवणारी जागा आहे, आणि मध्य ही तेच घुमणं सर्वांत कमी ऐकू येणारी. भिंतीलगत दाब सर्वांत जास्त, मध्यावर जवळजवळ शून्य. लांबीचाही मध्य, रुंदीचाही मध्य. त्यामुळे खुर्चीवर बसलेल्या माणसाला ५६ च्या आसपास काही लागतच नव्हतं. त्यांनी मला फोन करून सांगितलं, बारा इंची असून बास नाही. मी काय म्हटलं? गेन, म्हणजे सबचा आवाज, वाढवा. घड्याळाच्या काट्यात सांगायचं तर दहावर असलेलं बटण ते तीनवर घेऊन गेले.

वडगावातल्या त्या गल्लीला दिवसभर मागांचा खडखडाट. माग थांबल्यावर, रात्री नऊनंतर, खोलीवाले गाणी लावत. शेजारच्या घरात त्याच सामाईक भिंतीला स्टीलची मांडणी ठोकलेली. तिच्यावरची ताटं एका ठरावीक सुराला किणकिणायची आणि थांबायची. गाणं मात्र शेजाऱ्यांना ऐकू येत नव्हतं, कारण वरचे सूर विटेची भिंत अडवते, पन्नास-साठ हर्ट्झ मात्र तिच्यातून जातं. ज्या घरात गाणं ऐकू येत नाही त्या घरात नुसता धक्का पोचला तर माणूस त्याचा काय अर्थ लावणार? तिथल्या आजी भिंतीला डोकं करून झोपायच्या. तीन रात्री त्यांनी आपल्याच छातीत धडधडतंय असं समजून बसून काढल्या. चौथ्या रात्री सून उठली, तिनं मांडणीला हात लावून पाहिला, आणि मग सगळं उलगडलं.

मी मायक्रोफोन घेऊन गेलो तेव्हा खुर्ची आणि भिंत यांत ५६ हर्ट्झला जवळजवळ वीस डेसिबलचा फरक होता. वीस डेसिबल म्हणजे शक्तीत शंभरपट. खुर्चीवरच्या माणसाला थोडासा बास मिळावा म्हणून भिंतीपलीकडच्या म्हातारीला आम्ही एवढं देत होतो. मी शेजारी जाऊन आजींसमोर बसलो आणि सांगितलं, आजी, तुमच्या छातीत काही नाही, माझा सल्ला चुकला. त्यांना ते किती पटलं मला माहीत नाही. त्यानंतरही भिंतीकडे डोकं करून त्या झोपल्या नाहीत.

दुरुस्ती केली ती अशी. सब कोपऱ्यातून काढून समोरच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर, दोन स्पीकरांच्या मधे आणला. रुंदीच्या मध्यावर ठेवलेला सब रुंदीचं घुमणं चेतवूच शकत नाही, आणि सामाईक भिंतीपासून तो पाच फूट लांब गेला. खुर्ची मागं सरकवली, डोकं मागच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर येईल इतकी. तिथं ५६ ना शून्य ना शिगेला. पोर्टमध्ये फोमचा बोळा घट्ट बसवला, त्यामुळे पेटी बंद पेटीसारखी वागू लागली. मग इक्वलायझरमध्ये ५६ वर सहा डेसिबलची एकच अरुंद कपात. गेन परत दहावर. ताटं थांबली. खुर्चीवर बास आधीपेक्षा जास्त, भिंतीपलीकडे कितीतरी कमी. सब तोच, वायर तीच. यात दुकानातून आणलेलं काही असेल तर फोमचा तुकडा.

क्रम महत्त्वाचा आहे. इक्वलायझर शेवटी. खुर्ची मध्यावरच ठेवून मी ५६ ला दहा डेसिबल चढवले असते तर अ‍ॅम्प्लिफायरला दहापट शक्ती ओतावी लागली असती आणि खुर्चीवरचा खड्डा तसाच राहिला असता. शिखर कापता येतं, खड्डा भरता येत नाही. भिंतीला दोन इंची फोम लावा असं सांगणारेही भेटतात. ५६ हर्ट्झच्या पाव लाटेची लांबी पाच फूट आहे. दोन इंचांचा फोम वरचे सूर खातो, खोली मुकी करतो आणि बास जसाच्या तसा ठेवतो.

मग बारा इंची घ्यायचाच नाही का? इथं मी माझ्या जुन्या सल्ल्याशी अजून भांडतो, कारण तो पूर्ण खोटा नव्हता. तेवढ्याच मोठ्या आवाजात एक सप्तक खाली जायचं तर कोनला चौपट हवा ढकलावी लागते. बारा इंची कोनचं क्षेत्रफळ आठ इंचीच्या सव्वादोनपट. म्हणून मोठा कोन आरामात हलतो, लहान कोन त्याच कामाला धापा टाकतो आणि ती धाप ऐकू येते. अठरा बाय चौदाच्या हॉलमध्ये मी आजही बाराच सांगेन. पण दहा बाय दहाच्या बंद खोलीत ५६ च्या खाली खोली स्वतःच बास उचलून धरते. बंद पेटीचा सब खाली जाताना सप्तकाला बारा डेसिबलनं हळू उतरतो, आणि खोलीचं उचलणं त्या उताराला बऱ्यापैकी भरून काढतं. पोर्टवाला पोर्टच्या सुरापर्यंत दणदणीत, त्याखाली चोवीस डेसिबलनं कोसळतो. लहान खोलीत त्याचा दणका नेमका नको तिथं जमा होतो. तेव्हा लहान खोलीला आठ किंवा दहा इंची बंद पेटी. मिरवणुकीसारखा दणका घरात हवा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, रस्त्यावर वर छत नसतं. तिथं अठरा इंची रचून लावावे लागतात ते त्यासाठीच. घराची गोष्ट उलटी आहे.

पेटीवर वॅट बघायचे तर आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी शक्ती, बघा. पीएमपीओचा हजारोंचा आकडा क्षणभराचा, कशाही रीतीनं काढलेला असतो, त्यावरून काही कळत नाही. त्याहून महत्त्वाचं, सबच्या पाठीतलं अ‍ॅम्प्लिफायर बिघडलं तर ते सुटं मिळतं का, आणि दुरुस्तीला पेटी किती लांब पाठवावी लागेल? सबमध्ये आधी मरतं ते अ‍ॅम्प्लिफायर. ते बंद पेटीत हादरे खात, चोवीस तास स्टँडबायवर तापत बसतं. पावसाळ्यात विजा चमकायला लागल्या की प्लग काढा, बटण बंद करून भागत नाही.

जोडणीत चुका ठरलेल्या आहेत. एव्ही रिसीव्हर (टीव्ही-सिनेमासाठीचा अ‍ॅम्प्लिफायर) असेल तर स्पीकर "स्मॉल" वर, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती हद्द, ८० वर, आणि सबच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर किंवा एलएफईवर, म्हणजे सबची स्वतःची गाळणी मधे येत नाही. दोन्हीकडे ८० ठेवलं तर दोन गाळण्या एकावर एक बसतात आणि नेमका ८० जवळ खड्डा पडतो. चार इंची वूफरच्या स्पीकरला १०० लागेल, पण त्याहून वर गेलात तर आवाज सबच्या दिशेनं येतोय हे कानाला कळायला लागतं. साधा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर असेल, ज्याला सबचं आउटपुट नाही, तर स्पीकरच्याच टोकांवरून सबच्या हाय लेव्हल इनपुटला वायर न्या. सब तिथून नगण्य करंट घेतो, अ‍ॅम्प्लिफायरवर भार येत नाही. मात्र अशा जोडणीत बुकशेल्फ पूर्ण वाजतच राहतात, म्हणून सबचं बटण ५०-६० पासून सुरू करून वर न्यायचं, ८० पासून नव्हे. आणि काही क्लास डी अ‍ॅम्प्लिफायरांच्या काळ्या टोकालाही सिग्नल असतो. तिथं सबची काळी वायर जोडली तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतं. मॅन्युअल वाचल्याशिवाय ती वायर लावू नका.

फेज, म्हणजे सब आणि स्पीकर हवा एकाच वेळी ढकलतात की उलटसुलट, ते ठरवायला ८० हर्ट्झचा सलग सूर लावा, खुर्चीवर बसा, दुसऱ्याला ० आणि १८० करायला सांगा. ज्यात मोठं ऐकू येतं ते बरोबर. दोन्हीत सारखंच वाटलं तर सब फूट-दीड फूट सरकवून पुन्हा. जागाच ठरत नसेल तर सब खुर्चीवर ठेवा, बास गिटार चढत-उतरत जाणारं काही लावा आणि भिंतीकडेनं कान जमिनीजवळ नेत फिरा. सगळे सूर सारखे लागतील ती सबची जागा. वेळ अर्धा तास, खर्च काही नाही, तरी दहातले नऊ जण करत नाहीत.

गुणगुण आली तर ती बहुधा ५० किंवा १०० हर्ट्झची अर्थिंगची गुणगुण. सब आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावा. तरी राहिली तर टीव्हीची केबल काढून बघा, बरेचदा तीच असते. अर्थची पिन कापणारे इलेक्ट्रिशियन आपल्याकडे आहेत. गुणगुण जाते, आणि त्याबरोबर शॉकपासूनचं संरक्षणही जातं. ते कदापि करू देऊ नका.

"आम्ही ख्याल ऐकतो, आम्हाला सब कशाला?" हा दुसरा प्रश्न, आणि आपल्या भागात तो येणारच. गायक कुमार गंधर्व १९२४ साली इथल्याच सुळेभावीत जन्मले, आणि धारवाड-हुबळी शेजारी. मी बरीच वर्षं ठामपणे नाही सांगत होतो. काळी एकच्या षड्जाला तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झचा. त्यात तानपुऱ्याचा जीव मूळ सुरात कमी, जवारीतून उठणाऱ्या वरच्या सुरांत जास्त. सब काय देणार? पण डग्ग्याची खाली घसरत जाणारी घुमक पाच इंची वूफरवर अर्ध्यात थिटी पडते, ही तक्रार खरी आहे. आणि ८० च्या खालचं काम अंगावरून उतरलं की छोटा वूफर गळा जास्त मोकळा वाजवतो. तो कसा वाजतो ते ऐकल्यावर मी नाही म्हणायचं सोडलं. हो म्हणायलाही धजत नाही, कारण जुन्या ध्वनिमुद्रणांत खाली गाणं कमी आणि घरघर जास्त असते, सब तीच पुढं आणतो. तबकड्या ऐकत असाल तर वीस हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर आधी हवा.

वडगावच्या त्या खोलीचं माझं गणित अजून सुटलेलं नाही. एका बारा इंचीऐवजी दोन आठ इंची, एक समोरच्या भिंतीच्या मध्यावर, एक मागच्या, असं केलं असतं तर लांबीचं घुमणं दोघांनी मिळून मारलं असतं, रुंदीचं उठलंच नसतं, छताचं तेवढं उरलं असतं. खुर्ची कुठंही चालली असती. पण मागच्या भिंतीच्या मध्यावर स्वयंपाकघराचं दार आहे. दाराच्या बाजूला दोन फूट सरकवून चालेल का, हे मोजल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि त्यांनी अजून दुसरा सब घेतलेला नाही. फोमचा बोळा पोर्टमध्ये आहे. तुम्ही विचारायला याल तेव्हा टेपनं मोजून या. लांबी, रुंदी, उंची, खुर्ची मागच्या भिंतीपासून किती फुटांवर, आणि कुठल्या भिंतीपलीकडे कोण झोपतं.